अकरा अंश

वडील गेल्याला अडुसष्ट दिवस झाले, त्या दिवशी तिच्या कमरेवर पुन्हा कोणीतरी हात ठेवला, आणि हा हात आधीचे कितीतरी महिने तिथे नव्हता हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

हात वडिलांच्या विद्यार्थिनीचा होता. विद्यार्थिनी म्हणायची आपली सवय. बाई पस्तिशीच्या पुढची, दोन मुलांची आई आणि दोन महिन्यांपासून फिजिओथेरपी खात्याची प्रमुख. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या त्या लांबट खोलीत खिडकीलगत एक उंच टेबल होतं. त्याच्या कडेला ती पेशंट म्हणून पाय खाली सोडून बसली होती. समोरच्या भिंतीला रबराचे पट्टे टांगले होते, मळून राखाडी झालेले. कोपऱ्यात कप्पी होती, आणि कप्पीखाली वडिलांची स्टुलं एकात एक बसवून ठेवलेली होती.

"ताई, गुडघा हलू द्यायचा नाही. फक्त पाऊल बाहेर. जमेल तितकंच."

तिनं पाऊल बाहेर न्यायला सुरुवात केली. जरासं गेलं आणि जांघेत, अगदी आत, फुगलेलं दार चौकटीला अडावं तसं अडलं. एरवी अशा वेळी तिची उजवी बैठक आपोआप थोडी उचलली जायची आणि पाऊल पुढे सरकायचं. आज बैठक उचलली गेली नाही. वरून तो हात कमरेच्या हाडावर घट्ट बसला होता.

विद्यार्थिनीनं दुसऱ्या हातातलं कोनमापक नडगीला लावलं. खिळ्यानं जोडलेल्या दोन पट्ट्या, त्यावर बारीक आकडे. तिनं आकडा वाचला, पट्ट्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा लावल्या.

"परत एकदा करूया."

परत केलं. त्यानंतर आणखी एकदा.

"किती?" तिनं विचारलं.

"अकरा."

"सत्तावीस होतं ना?"

"वहीत सत्तावीस आहे," विद्यार्थिनी म्हणाली आणि वहीकडे बघत राहिली, जणू वही काही सांगणार होती.

दुखणं तसं जिवावरचं नव्हतं. खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. तिच्या उजव्या मांडीच्या हाडावर, गोळ्याच्या खाली, एक टेंगूळ होतं. मांडी वर घेतली, आत वळवली की ते वाटीच्या कडेवर घासायचं. असं टेंगूळ कित्येकांना असतं आणि जन्मभर त्यांना पत्ताही लागत नाही. तिला लागला, कारण ती नाटकाचे पडदे रंगवायची. पडद्याचं कापड भिंतीला टांगून नाही, जमिनीवर अंथरून रंगवतात. रंगवणारा त्याच्यावर उकिडवा बसतो आणि मागे मागे सरकत जातो. पंधरा वर्षं तिनं अशी जंगलं, कोर्टं, समुद्र आणि दिवाणखाने रंगवले होते. मग एक दिवस एका समुद्राच्या मधोमध ती बसली ती उठेचना. दोघांनी काखेत हात घालून उचललं. ओल्या निळ्यावर तिच्या टाचेचे दोन ओरखडे उमटले, ते तिला नंतर लाटा म्हणून खपवावे लागले.

अशा खुब्याला इलाज दोन. एक, दुर्बीण आत घालून टेंगूळ घासून काढायचं, वाटीची फाटलेली कड शिवायची आणि पुढे काही आठवडे कुबड्या. दोन, हाडाला हात न लावता भोवतालचे स्नायू असे तयार करायचे, बसण्या-उठण्याची रीत अशी बदलायची, की हाड हाडाला भेटायला जाणारच नाही. कुठला इलाज कोणाला, यावर शहाणी माणसंही भांडतात. तिच्या घरात तर हे भांडण ती शाळेत असल्यापासून चालू होतं. वडील फिजिओथेरपीचे प्रमुख, आई त्याच हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरची सिस्टर. आई म्हणायची, "तुमच्या कवायतीनं हाड झिजतं का हो? मग?" वडील म्हणायचे, "तुमच्या सुताराला सांग, रंधा हातात आहे म्हणून दिसेल ते लाकूड तासू नये."

सुतार म्हणजे हाडांचे सर्जन. ते वडिलांना तोंडावर मालिशवाला म्हणायचे. दोघं रोज दुपारी एकत्र चहा प्यायचे आणि एकमेकांचे पेशंट पळवल्याचे आरोप करायचे. शेवटी एकदा चहाच्या टेबलावर ठरलं की उगाच तोंडाची वाफ दवडण्यापेक्षा मोजूनच बघू. खुबा अडकणारे साठ पेशंट घ्यायचे. बंद पाकिटातल्या चिठ्ठ्या. तीस जण सुताराकडे, तीस जण मालिशवाल्याकडे. दर दोन महिन्यांनी दोन आकडे लिहायचे: सांधा किती अंश वळतो, आणि दुखणं दहापैकी किती. आणि एक नियम, दोघांच्या सहीचा. व्यायामवाल्यांपैकी ज्याचा सांधा सहा महिन्यांत निदान पाच अंश सुटणार नाही, त्याला मालिशवाल्यानं मुकाट्यानं वर, तिसऱ्या मजल्यावर पाठवायचं. कारण कड फाटलेली असताना उशीर झाला तर खालची कूर्चा, हाडावरचं गुळगुळीत अस्तर, झिजून जाते, आणि कूर्चा गेली की सुताराच्याही हातात फार उरत नाही.

तिनंही पाकीट उचललं. चिठ्ठी निघाली व्यायामाची. वडिलांनी ती चिठ्ठी आठवडाभर शर्टाच्या खिशात ठेवली होती, कोनमापकाच्या शेजारी.

"बाकीच्यांचे?" तिनं आता विद्यार्थिनीला विचारलं. "बाकीच्यांचे आकडे जुळले?"

"तुम्ही शेवटच्या ताई. एकोणतीस जणांना परत मोजलं मी. सरांच्या आकड्यात आणि माझ्या आकड्यात कुठेही दोन अंशांपेक्षा जास्त फरक नाही." विद्यार्थिनीनं वही पुढे केली. "बावीस जणांना चांगला उतार आहे. खरा उतार. लोक जिने चढतायत, पोहतायत. सर जिंकलेत, ताई."

वहीत तिची ओळ वडिलांच्या उभट, जाड अक्षरात होती. सुरुवातीला अकरा. दोन महिन्यांनी बारा. चार महिन्यांनी तेरा. सहा महिन्यांनी एकोणीस. मग एकवीस, तेवीस, पंचवीस, सत्तावीस. जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढत गेलेले आकडे. खरे सांधे असे चढत नाहीत; वरच्या आणि खालच्या ओळींतले आकडे पुढे जात होते, मागे येत होते, दोन-दोन महिने रुसून बसत होते.

"हे सगळं ते घरी मोजायचे," ती म्हणाली. "जेवायच्या टेबलावर."

"हो. 'तिला कशाला खाली बोलावतेस, मी मोजतो' म्हणायचे." विद्यार्थिनीनं आवाज खाली आणला. "ताई, सरांनी आम्हाला पहिल्या दिवशी काय शिकवलं माहितीय? सांधा नाही म्हणाला की कंबर धावून येते. सांध्याची लाज राखायला ती स्वतः उचलली जाते. म्हणून आधी कंबर धरा, मग मोजा. नाहीतर तुम्ही सांधा नाही, कमरेची माया मोजताय. परीक्षेत हात ठेवायला विसरलं की नापास करायचे. मला केलं होतं."

तिला जेवायचं टेबल आठवलं. सहाव्या महिन्यातला रविवार. त्याआधी थोडे दिवस तिनं विचारलं होतं, "बाबा, सुताराकडे जाऊ का आता?" आणि ते म्हणाले होते, "आकडा बघू. आकडा सांगेल." त्या रविवारी ते टेबलाच्या पुढ्यात एका गुडघ्यावर बसले, पट्ट्या लावल्या आणि मान वर करून म्हणाले, "एकोणीस! रंगारीबाई, हाड ऐकायला लागलं!" त्यांचा डावा हात कुठे होता? टेबलाच्या कडेवर. ते वयानं थकलेत, वाकताना आधार घेतायत, असं तिला वाटलं होतं. तिला वाईटसुद्धा वाटलं होतं.

"मी काय लिहू?" विद्यार्थिनी म्हणाली. "परवा सभा आहे. सरांच्या आठवणीची सभा, आणि त्यातच हा निकाल वाचायचाय. तुमची ओळ काढून टाकली तर एकोणतीसच उरतील, लोक विचारतील. सत्तावीस ठेवलं तर..." ती थांबली. "मला विचाराल तर, झाकली मूठ, ताई. गेलेल्या माणसाच्या हातात आता कशाला बघायचं?"

"उद्यापर्यंत ओळ कोरी ठेव," ती म्हणाली. टेबलावरून उतरताना तिनं उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला. विद्यार्थिनीनं नजर दुसरीकडे वळवली.

आई स्वयंपाकघरात चहाचे कप विसळत होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी तिची धुवायची रीत थिएटरातलीच होती: बोटांपासून कोपरापर्यंत, आणि मग हात वर धरून उभं राहायचं.

"अकरा आलं," तिनं आईला सांगितलं.

आईनं नळ बंद केला. "बस."

"आई, तुला अकरा म्हणजे काय ते विचारावंसं वाटलं नाही."

आईनं हात पुसले. एकेक बोट.

"मी या दारात उभी असायचे," ती म्हणाली. "हे खाली वाकून आकडा वाचायचे आणि तुझी बैठक चार बोटं वर. मला दिसायचं. तीस वर्षं टेबलावर माणूस सरळ निजवत आले मी, मला नाही दिसणार?"

"आणि बोलली नाहीस."

"काय बोलायचं होतं? बोलले असते तर तुम्ही दोघं एका सुरात म्हणाला असतात, आली सुताराची वकील. तू तरी माझं कधी ऐकलंस? शाळेत दात किडला तेव्हासुद्धा ह्यांना विचारून आलीस दुखतंय का म्हणून."

"एकदा पोट शिवताना एक बोळा मोजणीत कमी भरला म्हणून तू ऑपरेशन थांबवलं होतंस. तूच सांगतेस हजारदा. डॉक्टर ओरडले, तू सुई दिली नाहीस. एक बोळा, आई! आणि घरात सोळा अंश जास्त भरले तर तू कप विसळत बसलीस."

आई खुर्चीवर बसली.  बोलली तेव्हा तिच्या आवाजात क्षमा मागितल्याचं काही नव्हतं, आणि हे त्यातल्या त्यात बरं होतं.

"तू महिन्या-दोन महिन्यांनी यायचीस इथे. दोन गल्ल्या सोडून राहतेस, पण काम, काम. दुखायला लागलं तशी रोज यायला लागलीस. सकाळी साडेसहाला हे दाढी करून तयार. सतरंजी घालून ठेवायचे. तो रबरी पट्टा पायाला बांधून तुम्ही दोघं तासभर हसत असायचात. काय हसायचात देव जाणे. मी या माणसाबरोबर अडतीस वर्षं काढली, सकाळी हसताना कधी पाहिलं नव्हतं."

"म्हणून त्यांनी कमरेवरचा हात काढला?"

"ते मला नको विचारू. मी थिएटरात होते, मनं उघडायचं खातं वेगळं असतं." तिनं टेबलावरचा ओलसर गोल बोटानं पुसला. "मान खाली घालावी लागली असती म्हणून असेल. लेक सुरीखाली जाईल या भीतीनं असेल. दुसऱ्यांच्या शंभर पेशंटांना 'घाबरू नका' सांगणारा माणूस, तुझे टॉन्सिल काढले तेव्हा खाली पार्किंगमध्ये जाऊन उभा होता. वर आलाच नाही."

"मला वाटलं, हातात जोर राहिला नसेल."

"तसं समज हवं तर," आई म्हणाली. "पण जायच्या दिवशी सकाळी ह्यांनी एका पडलेल्या म्हाताऱ्याला एकट्यानं उचलून उभं केलं होतं. त्याला खुर्चीत बसवला आणि मग स्वतः खाली बसले. जोर होता."

त्या दिवशीचं हे तिला माहीत होतं. पण आईनं ते आत्ताच, इथेच सांगावं, याचा तिला इतका राग आला की ती चहा न घेताच उठली. उठली म्हणजे टेबलाला रेटा देऊन, आधी डावा पाय, मग उजवा. आई बघत होती. आई मदतीला आली नाही, आणि तिनं येऊही नये.

सर्जनच्या खोलीत खिडकी मोठी होती आणि खुर्च्या मुद्दाम उंच ठेवलेल्या होत्या, खुब्याच्या पेशंटांसाठी. त्यांनी दोन फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले, एक सोळा महिन्यांपूर्वीचा आणि एक आज सकाळचा.

"हे टेंगूळ. ते आहे तिथेच आहे, त्याला आपण दोष देऊ नये. ही कड. आणि हे बघ," त्यांनी पेनचं टोक दोन हाडांमधल्या काळ्या फटीवर ठेवलं. "इथे दोन बोटं अंतर असावं असं समज. तेव्हा पावणेदोन होतं. आता एक आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तेव्हा आली असतीस तर मी टेंगूळ घासलं असतं, कड शिवली असती, आणि बहुधा सहा-आठ महिन्यांनी तू जमिनीवर बसून परत समुद्र रंगवले असतेस. बहुधा म्हणतोय. माझ्याकडच्या तीसमधले सगळे काही उड्या मारत नाहीयेत. आता घासेन, दुखणं कमी होईल, निम्मी निम्मी शक्यता. पण उकिडवं बसणं विसर. काही वर्षांनी सांधाच बदलावा लागेल." ते खुर्चीत मागे टेकले. "मला एक कळत नाही. सहाव्या महिन्यात तू माझ्याकडे का आली नाहीस? नियम होता. दोघांच्या सह्या होत्या."

 सांगायची गरज पडली नाही. त्यांनी टेबलावरची मोजणीची नक्कल उलटी फिरवली, तिची ओळ शोधली, तेरा आणि एकोणीस यांच्यामध्ये अंगठा ठेवला आणि अंगठा तसाच राहू दिला.

"गाढव," ते म्हणाले. मग अंगठा न उचलताच, "माझा दोस्त होता म्हणून म्हणतोय. गाढव लेकाचा. अगं, जिंकला होता ना तो! तुझ्याशिवाय जिंकत होता. बावीसचे एकवीस झाले असते, त्यानं काय आकाश कोसळत होतं? मी तर चहावर कबूल करून टाकलं होतं, बाबा रे, निम्म्याहून जास्त लोकांना सुरी लागतच नाही, तुझंच खरं. पण ज्यांना लागते त्यांना लागते. एवढंच माझं म्हणणं होतं. एवढंच त्याचंही म्हणणं होतं! कागदावर आम्ही दोघांनी तेच तर लिहिलं होतं."

ते उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. खाली पार्किंग होतं.

"आणि दुखणं?" त्यांनी वळून विचारलं. "सांधा त्यानं मोजला. दुखणं तर तू सांगत होतीस ना? इथे लिहिलंय सात, सात, सहा, पाच, पाच, चार, चार. शेवटी तीन. हे कोणाचे आकडे?"

तिनं त्या आकड्यांकडे बघितलं.

ते तिचेच होते. व्यायाम संपला की वडील पट्टा गुंडाळता गुंडाळता विचारायचे, "हं, किती?" सुरुवातीला ती खरं सांगायची. सात म्हणाली की त्यांची बोटं पट्ट्यावर थांबायची. मग एकदा आठ असताना ती सहा म्हणाली, आणि ते असे खूश झाले की पट्टा गुंडाळायचा विसरून तिच्यासाठी स्वतः चहा टाकायला गेले. त्यानंतर दर खेपेला ती आधी त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि मग आकडा सांगायची. रंगशाळेत तिनं फळीला चाकं लावून घेतली होती, तिच्यावर पालथं पडून ती पडदे रंगवायची. सोबतचे लोक तिला ट्रॉली म्हणायला लागले होते. ही फळी तिनं वडिलांना कधी दाखवली नाही. एकदा ते अचानक रंगशाळेत आले तेव्हा तिनं ती फळी पायानं पडद्याखाली सरकवली होती. त्या सरकवण्यानं जांघेत जी कळ गेली ती तिला अजून आठवत होती. तीन, तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं.

दोघं टेबलाशी एकमेकांच्या समोर बसून एकमेकांना बरं वाटावं म्हणून खोटं लिहीत गेले होते, आणि मध्ये एक हाड होतं, ते झिजत गेलं.

"माझे," ती सर्जनना म्हणाली.

त्यांनी मान हलवली. "बापावर गेलीस."

तळमजल्यावर विद्यार्थिनी वाट बघत होती. तिची दुपारची डबा खायची वेळ होती, पण डबा बंदच होता. वही उघडी, तिच्या ओळीतलं शेवटचं घर कोरं.

"परत मोज," ती म्हणाली आणि टेबलावर चढली.

"ताई, काल मोजलंय तीनदा."

"परत मोज. नीट धर कंबर. जोरात."

विद्यार्थिनीनं हात ठेवला. हात लहान होता, वडिलांच्या हाताच्या निम्मा असेल, पण दाबायची जागा तंतोतंत तीच होती, कमरेच्या हाडाच्या कडेवर, अंगठा मागे. पहिल्या चार महिन्यांत त्यांनी असाच धरला होता. बारा, तेरा हे खरे आकडे त्यांनी सांगितले होते, आणि तेव्हा ते हसले नव्हते. तिला पाऊल बाहेर नेताना वाटून गेलं की हा हात असाच राहू दिला असता तर ती त्या चौदा महिन्यांपैकी आठ त्यांच्याकडे आलीच नसती. वर गेली असती, मग कुबड्या, मग काम, आणि महिन्या-दोन महिन्यांनी भेट. हा विचार तिनं तिथेच सोडून दिला. तो सरळ चालू दिला तर तो त्यांची बाजू घेईल हे तिला कळत होतं, आणि आज तिला कोणी बाजू घेतलेली नको होती.

"अकरा," विद्यार्थिनी म्हणाली.

"लिही."

"सरांचे आधीचे?"

"ते राहू देत तसेच. त्यांच्या अक्षरातले आहेत. तू तुझ्या अक्षरात अकरा लिही."

पेन चाललं. मग विद्यार्थिनीनं सवयीनं, वहीतून मान न काढता विचारलं, "आणि दुखणं किती, ताई?"

समोर बघायला कोणाचं तोंड नव्हतं. रबराचे पट्टे होते, कप्पी होती.

"आठ," ती म्हणाली. तिला त्यात एक खुनशी सुख वाटलं, आणि लगेच ते उतरून गेलं.

सभा दुसऱ्या दिवशी चारला, वरच्या मोठ्या हॉलमध्ये झाली. खुर्च्या कमी पडल्या. वडिलांचा फोटो हॉस्पिटलच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला होता, त्यामुळे ते जरा रागावल्यासारखे दिसत होते. खिशात कोनमापकाचं टोक दिसत होतं. आई पहिल्या रांगेत पर्स मांडीवर धरून ताठ बसली होती. ती तिच्या शेजारी.

विद्यार्थिनीनं निकाल वाचला. व्यायामाच्या तीसपैकी एकवीस जणांना ऑपरेशन न करता चांगला आराम. आठ जणांना सहाव्या महिन्यात नियमाप्रमाणे शस्त्रक्रियेकडे वर्ग केलं, त्यातले बहुतेक आता बरे. तिचा आवाज किंचित अडखळला. "एका पेशंटमध्ये सुधारणा नाही."

कोणाचंच त्या एकाकडे लक्ष गेलं नाही. का जावं? एकवीस आणि आठ, केवढी स्वच्छ बेरीज. मागून कोणीतरी "वा" म्हणालं. मग सर्जन उठले. त्यांनी लिहून आणलेला कागद खिशातून काढला, बघितला आणि परत ठेवला.

"मी या माणसाला मालिशवाला म्हणायचो," ते म्हणाले. लोक हसले. "मी हरलोय, हे त्याच्यासमोर कबूल केलं होतं, आज तुमच्यासमोर करतो. कोणाला कापायचं नाही हे मी त्याच्याकडून शिकलो. कोणाला कापायचं हे तोही माझ्याकडून शिकला होता." ते क्षणभर पहिल्या रांगेकडे बघत राहिले. "शिकला होता," ते पुन्हा म्हणाले आणि खाली बसले.

टाळ्या झाल्या. आईनं टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन्ही हातांनी पर्स धरली होती. तिनं स्वतः मात्र वाजवल्या. का नाही वाजवायच्या? एकवीस माणसं जिने चढत होती.

मग सूत्रसंचालक म्हणाले, आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून आदरांजली वाहू या.

खुर्च्या सरकल्या. सगळा हॉल उठला. तीही उठायला गेली, पण सव्वा तास त्या बुटक्या खुर्चीत बसून खुबा धरला होता. पुढे हात टेकायला काही नव्हतं, पहिलीच रांग ती. तिनं डावा पाय मागे घेतला, खुर्चीची कड धरली, अर्धी उठली आणि दार चौकटीला अडलं. ती परत बसली. आईनं समोर बघत, मान न वळवता, आपला कोपर तिच्याकडे पुढे केला. तिनं तो घेतला नाही. श्वास धरला, उजवी बैठक आधी उचलली, मग बाकीचं अंग तिच्यामागून ओढत वर आणलं. इंचाइंचानं. घामानं तिचे डोळे चुरचुरायला लागले आणि पाणी गालावर आलं.

ती सरळ उभी राहिली तेव्हा दोन मिनिटं संपली होती. सगळे बसत होते. भरल्या हॉलमध्ये ती एकटी, खुर्चीची पाठ पकडून, ओल्या तोंडानं वडिलांच्या फोटोसमोर उभी.

मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीच्या कानाशी लागली. हळू बोलल्यासारखं केलं, पण ऐकू आलं.

"फार लाडकी होती हो त्यांची."